पोहांगच्या बाजारात मोरी

माझ्या सासूबाई, सरूबाई, भाईंदरमधल्या नवघरच्या नाक्यावर सुकी मासळी विकतात. मी त्यांना मामी म्हणतो. बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या असं सगळं त्यांच्या पाटीत असतं, आणि पाटीच्या तळाशी ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली खारवलेली मोरी. मोरी म्हणजे शार्कच, फक्त आपल्या किनाऱ्यावरची, हातभर लांबीची.

मासळी चांगली असतेच, पण मामींचं नाव आहे ते बांधणीसाठी. आमच्या भाईंदर पूर्वेला एका मजल्यावर चार दारं असली, तर त्यातल्या दोन-तीन दारांत कांदासुद्धा चालत नाही. अशा इमारतीत लिफ्टमधून सुकटीची पिशवी वर नेणं म्हणजे सोसायटीच्या मीटिंगला स्वतःच्या हातानं विषय पुरवणं. मामींनी त्यावर उपाय काढला. आधी वर्तमानपत्र, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग पुन्हा कागद, मग जाड प्लॅस्टिक, सगळ्यात वर सुती फडका आणि सुतळीची गाठ. ही पुडी घेऊन तुम्ही देवळात जा, पुजारी मान वर करून बघणार नाही.

मोठी पुडी असली की तिची तपासणी व्हायची. तपासनीस म्हणजे मामींच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या हंसाबेन, पक्क्या जैन.

"हंसाबेन, बघा जरा."

हंसाबेन पुडी नाकाजवळ नेत, डोळे मिटत आणि निकाल देत. "कंई वास नथी, सरूबेन. पास!"

आत काय आहे ते त्यांना ठाऊक असायचं. ठाऊक नसल्यासारखं करणं ही त्यांची शेजारधर्माची बाजू.

मामींची दुसरी ख्याती त्यांच्या बोहनीची. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक भाव विचारून, मासळी चिवडून, काही न घेता निघालं की मामी पाटीवर पाणी शिंपडतात, ताजवा दोनदा आपटतात आणि त्या माणसाच्या पाठीला उद्देशून असं काही बोलतात की तो पुढच्या वळणावर ठेचकाळलाच पाहिजे. एकदा एक साहेब खरंच ठेचकाळले होते. तेव्हापासून नाक्यावर सकाळी उगाच भाव विचारायची कोणाची छाती होत नाही.

तर या मामींना २००७ सालच्या डिसेंबरात कोरियाला यावं लागलं.

मी तेव्हा पोहांगला होतो. पोहांग हे कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं पोलादाचं गाव. पत्रे लाटायच्या यंत्रांचं काम शिकायला कंपनीनं मला तिथं पाठवलं होतं. मिनल, माझी बायको, मागून आली आणि तिथंच तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, असा घरचा रिवाज. पण डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं. लेक माहेरी जाऊ शकत नव्हती, मग माहेरच निघालं.

मामींनी आयुष्यात विमान पाहिलं होतं ते खालून. घाबरल्या मात्र बिलकूल नाहीत. त्यांना एकच काम होतं आणि ते त्यांनी फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं.

"मिने, मी मोरी घेऊन येतेय. बाळंतिणीला मोरीचं कालवण पायजेच. त्याबिगर अंगावर दूध येत न्हाय."

मिनल हसली. पण मामींसाठी तो हसण्याचा विषय नव्हता. मिनल जन्मली तेव्हा मामी आणि धाकूमामा, म्हणजे माझे सासरे, श्रीवर्धनकडून नुकतेच नवघरला आले होते. मामा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागले होते. खोली भाड्याची, शेजार अनोळखी, गावाहून कोणी येऊ शकलं नाही. पुढे डोंगराएवढी मासळी विकलेल्या या बाईला स्वतःच्या बाळंतपणात मोरीचा एक तुकडा मिळाला नाही. दूध आटलं. मिनल डब्यातल्या दुधावर वाढली. वाढली ती छानच, कॉलेजात कबड्डी खेळायची. पण मामींच्या मनातून ते कधी गेलं नव्हतं. लेकीच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

मामी आल्या. सोलच्या विमानतळावर मी घ्यायला गेलो, तर त्या जाड स्वेटरवर नऊवारी नेसून, कानाला मफलर बांधून, एका कोरियन आजीबरोबर हातवारे करत गप्पा मारत उभ्या. आजी मराठीत हसत होती आणि मामी कोरियनमध्ये.

"काय म्हणत होत्या त्या?" मी विचारलं.

"तिच्या गुडघ्याला पण कळ येते," मामी म्हणाल्या.

मग बसनं पोहांग. घरी आल्यावर मामींनी बॅगेतून अळिवाचे लाडू काढले, मसाला, कोकमं, सुकं खोबरं काढलं, आणि एक मोठी फडक्यात बांधलेली पुडी गॅलरीत नेऊन ठेवली. "ही आता उघडायची न्हाय. थंडीत चांगली राहील. पोर झालं की उघडू."

पोर त्याच आठवड्यात झालं. मुलगी. आजीसारखंच नाक, आणि आवाजही तोच.

दवाखान्यात मिनलला सकाळ, दुपार, संध्याकाळ एकच पदार्थ यायचा. मोठ्या वाडग्यात गरम पाणी आणि त्यात तरंगणारी हिरवी-काळी पानं. समुद्रातलं शेवाळ. कोरियात बाळंतिणीला हेच देतात, त्याला मियोक म्हणतात, एवढं नर्सनं सांगितलं. मिनलनं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, हे विहिरीच्या पायरीवरचं खरवडून आणलंय."

"खाऊ नको," मामी म्हणाल्या. "घरी चल. मोरी हाय."

घरी आल्या आल्या मामींनी हात धुतले, गॅलरीतली पुडी आणली आणि पाटावर बसून गाठ सोडली. फडका, प्लॅस्टिक, कागद, प्लॅस्टिक, कागद. आतून निघाली गोधडी.

लहानशी, मऊ, जुन्या लुगड्यांची, नातवंडासाठी मामींनी स्वतः शिवलेली गोधडी.

मामी तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू उलगडा झाला. निघायच्या आदल्या दिवशी नवघरला भंगारवाल्याच्या काट्यावर बॅग ठेवली तर वजन जास्त भरलं. काहीतरी काढणं भाग होतं. मामींनी काळजावर दगड ठेवून ठरवलं, की गोधडी राहू दे, मोरी न्यायची. पण मोरीच्या टोकदार कडांनी प्लॅस्टिक फाटू नये म्हणून ती त्यांनी आधी जुन्या लुगड्यात गुंडाळली होती. आणि घरातल्या मासळीचा वास बाळाच्या गोधडीला लागू नये म्हणून गोधडीही तशीच, पाच पदरी बांधली होती. दोन पुड्या, एकाच हातच्या, एकाच मापाच्या. दोन्ही हंसाबेननी पास केलेल्या. मामींनी हाताला लागली ती गोधडीची समजून मामांच्या हातात दिली.

जन्मभर सुक्या मासळीत काढलेल्या नाकाला मोरी ओळखता आली नव्हती, कारण बांधणी मामींचीच होती.

मी कार्ड घालून नवघरला फोन लावला. मामी ओरडल्या, "अवो, ती गोधडी कुठं ठेवलीत?"

"उशाला घेतोय," पलीकडून मामांचा आवाज आला. "तू न्हाईस तर जरा आधार. पण कडक झालीय गो, मान आखडते."

"ती मोरी हाय!"

मामा म्हणाले, "म्हंजे मी मोरीवर डोकं ठेवून झोपतोय?"

मिनल हसून हसून टाक्यांना धरून बसली. मामी हसल्या नाहीत. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. कारण तोवर दिसायला लागलं होतं, की बाळाचं पोट भरत नाहीये. पोर ओढायची, दमायची, रडायची. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस बाटली द्या, काळजी करू नका. मिनल बाटली द्यायची आणि खिडकीकडे तोंड फिरवायची. मामी डबा उघडताना बघायच्या. तोच डबा, तीच पावडर, फक्त वरची अक्षरं कोरियन.

शनिवारी मला सुट्टी होती. मामी पहाटेच स्वेटर चढवून तयार.

"जावई, इथं समुद्र हाय ना?"

"आहे."

"मंग बाजार असणार. आणि बाजार असेल तर मोरी असणार. चला."

मी म्हटलं, "मामी, मला बाजारातलं कोरियन येत नाही." ते खरंच होतं. माझं कोरियन कारखान्यातलं. चालू, बंद, गरम आहे, हात लावू नका. एवढ्या शब्दांवर मी तिथं वर्ष काढलं होतं.

"तुम्ही नुस्ते सोबत या. बाजार मला येतो."

पोहांगचा तो बाजार मी त्याआधी बाहेरून पाहिला होता. आत शिरल्यावर मामी दोन पावलं चालल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आठवडाभराचा सुतकी भाव गेला. समोर बांबूवर मासे टांगलेले, ओळीनं, शेपटीला शेपटी बांधून, समुद्रवाऱ्यावर अर्धे वाळलेले.

"अगो बाय! ही तर आमची वलांडी!" वलांडी म्हणजे बोंबील वाळवायची बांबूची मांडणी. मामींनी एक मासा दोन बोटांत दाबून पाहिला. "पण कच्चे काढलेत. अजून दोन उन्हं पायजेत."

कारखान्यात ऐकलेलं मी सांगितलं की हे असेच खातात, ग्वामेगी म्हणतात, थंडीतच मिळतं. विक्रेत्यानं एक तुकडा शेवाळाच्या पानात गुंडाळून, लसणाची पाकळी लावून पुढे केला. मामींनी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "असू दे. कच्चेच बरे हायत."

मग एकेक सुरू झालं. मिठात मुरवलेली बारीक कोळंबी दिसली. मामी म्हणाल्या, "हे कोलीम." विक्रेतीण वेगळंच नाव सांगत होती, मामी मानत नव्हत्या. एका टोपलीत लाल, काटेरी, लिंबाएवढं काहीतरी होतं. मामींना ते फळ वाटलं. त्यांनी टोचून पाहिलं तर त्यानं त्यांच्या अंगावर पाण्याची पिचकारी मारली. बाजार हसला, मामीही हसल्या. "मेलं जिवंत हाय!" तो समुद्रातला प्राणी होता, चिरून कच्चा खायचा. आठ पायांच्या माकुळासारखे, माणसाच्या उंचीचे अष्टपाद टांगलेले. तपकिरी, थलथलीत वड्या पाहून मामी म्हणाल्या, खरवस. नंतर कळलं, रानातल्या एका कठीण फळाच्या पिठाची जेली आहे ती. आणि एका कढईत काळे, सुरकुतलेले काहीतरी उकळत होतं. त्याचा वास मला सहन होईना.

"हे काय?"

"रेशमाचे किडे," मी म्हटलं.

मामी थबकल्या. "आन् रेशीम?"

"रेशीम काढून झाल्यावर उरलेले."

"हुशार माणसं," मामी म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. "पैठणी पण आणि चकणा पण."

पण मोरी कुठे दिसेना. मी दोन-तीन ठिकाणी हाताचं पातं डोक्यावर धरून पोहण्याचा अभिनय केला. एकीनं मला डोकेदुखीची गोळी मिळते ते दुकान दाखवलं. तासभर फिरून माझे पाय गारठले. मामींचं बोलणं कमी होत गेलं. त्या टोपल्या बघायच्या, पुढे जायच्या.

आणि एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी त्या अचानक थांबल्या. मफलर खाली ओढला. नाक वर केलं.

"जावई, थांबा."

"काय झालं?"

"बोलू नका."

इथं कोणी काही पाच पदरांत बांधलेलं नव्हतं. सगळं उघड्यावर होतं, आणि मामींचं नाक मोकळं सुटलं. त्या गल्लीत शिरल्या, डावीकडे वळल्या, कोळंब्यांकडे न बघता, शेवाळाकडे न बघता, थेट एका टपरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. साठीची एक बाई, रबरी हातमोजे, फुलाफुलांची पँट, नुकतीच मांडामांड करत होती. तिच्यासमोर गुलाबी-पांढऱ्या मांसाचे विटेसारखे चौकोनी तुकडे रचलेले. मला तो मासा आहे हेही कळलं नसतं. मामींनी एक तुकडा उलटा केला आणि कातडीवर अंगठा उलटा फिरवला. काचपेपरसारखी खरखर मलाही ऐकू आली.

"मोरी," मामी म्हणाल्या. "खारवलेली. आपल्यासारखी."

मी भाव विचारला. एवढं येत होतं. बाईनं बोटांनी आकडा सांगितला. आणि मामींनी, आनंद लपवायचा म्हणून, प्रत्येक गिऱ्हाईक त्यांच्याशी जे करतं ते केलं. तोंड वाकडं केलं, तुकडा खाली ठेवला, "राहू दे" म्हणाल्या आणि चालू लागल्या.

"मामी, मोरी!"

"गप ऱ्हावा. चार पावलं चाला. मागनं हाक येईल."

हाक आली नाही. मागून एक किंकाळीवजा ओरडा आला, आणि आमच्या पाठीमागं काहीतरी सपकन पडलं. वळून पाहतो तर ती बाई मुठीनं मीठ फेकत होती. आमच्या पाठीवर नाही, पण मघाशी आम्ही उभे होतो त्या जागेवर. तोंडानं जे चाललं होतं ते कारखान्यातल्या कोरियनमध्ये बसणारं नव्हतं, तरी मला कळत होतं. मी मामींचा हात धरला. "चला लवकर, ती चिडलीय."

मामी हलल्या नाहीत. त्या जमिनीवरच्या मिठाकडे बघत होत्या. मग त्या बाईच्या हाताकडे. मग टपरीकडे, जिथला एकही तुकडा अजून खपला नव्हता.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "तिची बोहनी झाली न्हाय."

"काय?"

"सकाळचं पयलं गिऱ्हाईक मी! आणि मीच भाव विचारून निघाले. मी पाणी मारते, ही मीठ मारते. एवढाच फरक." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्याकडनं असं व्हावं!"

त्या परत फिरल्या. टपरीसमोर जाऊन त्यांनी दोन्ही कान पकडले. मग सांगितलेल्या भावात, एक अक्षर न बोलता, नोटा काढून उजव्या हातानं पुढे केल्या. बाई संशयानं बघत राहिली. मामींनी खूण केली, ही नोट आधी वजनाच्या काट्याला लाव, मग कपाळाला. बाईनं नोट घेतली. काट्याला लावली नाही. नोटेवर थुंकल्यासारखं "थू थू" केलं आणि मग कपाळाला चिकटवली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदमच हसत सुटल्या. आजूबाजूच्या टपऱ्यांवरच्या बायकाही वाकून बघायला लागल्या. मामी वळून मला म्हणाल्या, "बघा, आपली बाई हाय!"

मग मामींनी सगळं सांगितलं, मराठीत आणि हातांनी. हातात बाळ झुलवलं, माझ्याकडे बोट दाखवून "हा बाप", स्वतःकडे दाखवून "मी आजी", मग छातीला हात लावून दोन्ही तळवे रिकामे दाखवले. बाई एकदम गंभीर झाली. "आऽ" म्हणून शेजारच्या टपरीवर पळाली आणि येताना माझ्या उंचीची, वाळलेल्या काळ्या शेवाळाची जुडी घेऊन आली. मियोक. दवाखान्यातलं तेच. मामींच्या हातात दिलं. पैसे घेईना.

मामींनी मान डोलवली, आणि सवयीनं जुडी पिशवीत बसावी म्हणून मधोमध दुमडायला घेतली. बाईनं पुन्हा किंकाळी फोडली आणि मामींच्या हातावर चापट मारली. दोन्ही हात ताठ धरून दाखवलं. असं. सरळ. मोडायचं नाही.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या पार्कनं नंतर मला सांगितलं की बाळंतिणीसाठी घेतलेलं मियोक दुकानदार दुमडत नाही आणि घेणारा त्याचा भाव करत नाही. जुना रिवाज आहे. पण मामींना तिथंच समजलं.

"बरोबर हाय तिचं," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीचं हाय. मोडून कसं न्यायचं? आपली बांधणी हितं चालायची न्हाय."

त्यांनी मफलरची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि ती लांब जुडी आडवी डोक्यावर घेतली. पोहांगच्या बसमध्ये त्या दिवशी नऊवारी नेसलेली एक बाई डोक्यावर शेवाळ घेऊन चढली. दोन म्हातारे उठून उभे राहिले आणि त्यांनी जागा दिल्या, एक मामींना, एक जुडीला.

घरी येऊन मामींनी मोरी पाण्यात घालून मीठ उतरवलं. मसाला, लसूण, कोकम, भाजलेलं सुकं खोबरं. कालवण उकळायला लागलं आणि आमच्या सोळा मजली इमारतीत एकही दार उघडून कोणी नाक मुरडलं नाही. उलट समोरची शेजारीण वास घेत आली आणि वाडगा घेऊन गेली. मियोकही भिजवलं. मामींनी दोन घास चाखले, विचार केला आणि त्यात लसणाची फोडणी टाकली.

मिनलनं कालवण भात दोनदा घेतला. मग शेवाळाचा वाडगाही संपवला. "आई, आता हे विहिरीचं लागत नाही."

दोन-तीन दिवसांत बाटली अर्धीच संपायला लागली, मग कडेलाच राहिली. एका सकाळी मी कारखान्यात जायला निघालो तेव्हा पोर मिनलच्या अंगावर पीत होती, घटाघटा, आवाज करत, मधेच श्वास घ्यायला थांबत. ओठांच्या कडेला दुधाचा थेंब. पिऊन झाल्यावर तिथंच तोंड उघडं टाकून झोपली. मामींनी तिला उचललं आणि त्या गोधडीत गुंडाळलं.

मी इंजिनिअर माणूस. म्हटलं, "मामी, हे मोरीनं झालं की मियोकनं? दोन्ही एकदम दिलंत, आता कळायचं कसं?"

"कळून काय करायचंय?" मामी गोधडीची कड खोचत म्हणाल्या. "दोघी बायकांनी मिळून केलं. तिनं न् मी."

संध्याकाळी त्यांनी नवघरला फोन लावायला सांगितला.

"अवो, पोर प्याली. पोटभर प्याली."

मामा म्हणाले, "बरं झालं. मंग हितल्या मोरीचं काय करू? उशालाच ठेवू?"

"उठा न् कालवण करा. हंसाबेनना सांगून करा, खिडक्या लावून घेतील."

"आन् तू कधी येणार?"

"पोरीचा महिना होऊ द्या." मामींनी खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. "आणि शनिवारी मला पहाटे बाजारात जायचंय. घ्यायचं काय न्हाय. तिची बोहनी करून येते."